मस्करी कुणाची, कुस्करी कुणाची?

दहा-अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एम.एस.डब्ल्यू. करून मी एका वस्तीतल्या कौटुंबिक सल्ला केंद्रात नुकतीच कामाला लागले होते. एका जोडप्याची संयुक्त बैठक होती. बाई सव्वीस-सत्तावीस वर्षांची, लग्नाला सहा वर्षं झालेली. नवरा टेम्पो चालवायचा. त्याच्यासोबत सासू आणि मोठे दीर आले होते. केंद्राच्या बाजूने माझ्या वरिष्ठ सहकारी आणि मी. तक्रार मारहाणीची होती, पण बाईने सुरुवात केली ती वेगळ्याच गोष्टीने. "हे मला सगळ्यांसमोर तोंडावरून बोलतात. पाहुणे आले की जास्तच. माझ्या वडलांनी काय काय दिलं नाही ते काढतात. मग सगळे हसत बसतात."

सहकारी नवऱ्याकडे वळल्या. तो सावरून बसला आणि म्हणाला, "मॅडम, मस्करी असते हो. आता तुम्हीच बघा की, हिच्या बापानं हुंड्यात दुसरं दिलंय काय? हे एवढं तोंड तेवढं दिलं!" ज्या ठेक्यात तो हे बोलला तो ठेका आम्हा सगळ्यांच्या ओळखीचा होता. त्या दिवसांत दर शनिवारी-रविवारी रात्री दहा वाजता तो घराघरांतून ऐकू यायचा. सासू हसली, दीर हसले. लिहायला लाज वाटते, पण मीही हसले. क्षणभरच, पण हसले.

समजुतीचा कागद झाला. "मारणार नाही" असं नवऱ्याने लिहून दिलं. टोमण्यांबद्दल त्या कागदात एक ओळही आली नाही. मस्करी काय कुठे कागदावर लिहायची असते! बाई नांदायला गेली. सात-आठ महिन्यांनी परत आली तेव्हा तिच्या हाताला प्लास्टर होतं. "मध्ये आली का नाहीस?" असं मी विचारलं. ती म्हणाली, "ताई, त्या दिवशी तुम्हीपण हसलात ना. मला वाटलं, तुम्हालाही तसंच वाटतं."

त्या वाक्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. आज देण्याचा प्रयत्न करते आहे.

शर्मांचं घर

'कॉमेडी नाइट्स विथ कपिल' हा कार्यक्रम कलर्स वाहिनीवर जून २०१३ मध्ये सुरू झाला आणि जानेवारी २०१६ पर्यंत चालला. त्याचं चित्रीकरण आपल्याच गोरेगावच्या चित्रनगरीत व्हायचं. पाहुणे म्हणून सिनेमातले नट-नट्या येत, पण कार्यक्रमाचा कणा होतं ते त्यातलं घर. घराचा कर्ता बिट्टू शर्मा, म्हणजे स्वतः कपिल शर्मा. त्याच्या भोवती दर आठवड्याला तीच तीच माणसं यायची, आणि त्यांतल्या बायका जरा एकापाठोपाठ एक आठवून पाहा.

बायको मंजू. हे काम सुमोना चक्रवर्ती करायची. हिचं व्यंग कोणतं? तर हिचं तोंड, हिचे ओठ, आणि हिच्या माहेरचं दारिद्र्य. ती आली की बिट्टू तिच्या चेहऱ्यावर बोलणार, मग तिच्या बापाने हुंड्यात काय दिलं नाही यावर बोलणार. आत्या, म्हणजे बुआ. हे काम उपासना सिंग करायची. लग्न झालेलं नाही आणि लग्नासाठी आसुसलेली. घरात पुरुष पाहुणा आला की त्याच्यावर नजर ठेवणारी. दादी म्हणजे स्त्रीवेशातला अली असगर. म्हातारी, दारू पिणारी, आलेल्या पाहुण्यांचे पापे घेणारी. मग गुत्थी, म्हणजे सुनील ग्रोवर. दोन वेण्या घातलेली, अंगचटीला येणारी. आणि पलक, म्हणजे किकू शारदा. हिचा विनोद हिच्या आकारमानात.

पाहा, बाईच्या आयुष्याच्या सगळ्या अवस्था या एका घरात होत्या. वयात आलेली मुलगी, बिनलग्नाची प्रौढा, संसारी बायको, म्हातारी. एकही अवस्था अशी ठेवली नव्हती की जिथे पोचलेल्या बाईला वाटावं, चला, आता आपण हसू होण्यातून सुटलो. तरुणपणी लाडीक म्हणून हसू, लग्न नाही झालं म्हणून हसू, झालं तर नवरा हसणार, आणि म्हातारपणी इच्छा शिल्लक राहिली म्हणून हसू.

कामाची वाटणीही पाहण्यासारखी आहे. नाचायचं, गायचं, धावायचं, पाहुण्याच्या गळ्यात पडायचं, बिट्टूला उलट बोलायचं, अशी सगळी मोकळीक असलेल्या बायका पुरुषांनी करायच्या. आणि ज्या दोन बायका खरोखरच्या बायका करत होत्या, त्यांच्या वाट्याला मुख्यतः ऐकून घेण्याचं काम. बुआ बोलायची भरपूर, पण तिचं सगळं बोलणं एकाच जागी फिरून यायचं, नवरा मिळत नाही. मंजूने काही उत्तर दिलंच, तर त्यावर पुढचा टोमणा तयार असायचा. सुमोना चक्रवर्ती कसलेली नटी आहे. २०१६ मध्ये हाच ताफा सोनी वाहिनीवर 'द कपिल शर्मा शो' घेऊन आला तेव्हा ती सरला झाली, पुढे भूरी झाली. नावं तीन, काम एकच: नाकारली जाणं आणि चेष्टा सोसणं. २०२४ मध्ये कार्यक्रम नेटफ्लिक्सवर गेला. त्याच्या पहिल्या हंगामात साडी-लेहेंग्यातले पुरुष सोबत गेले, ती मात्र त्या ताफ्यात नव्हती.

विनोद जातो, पात्र राहतं

"अहो, एक विनोद तर आहे, एवढं काय!" असं मला नेहमी ऐकवलं जातं. एक विनोद असता तर मी लिहायला बसले नसते.

एखादा विनोद आपण ऐकतो, हसतो किंवा चिडतो, आणि विसरतो. पात्राचं तसं नाही. पात्र पुढच्या आठवड्यात परत येतं. त्याच्या येण्याची धून ठरते, त्याचं वाक्य ठरतं, आणि दोन-चार महिन्यांत आपण त्याच्या वाक्याला हसत नाही, त्याच्या नुसत्या येण्याला हसतो. मंजू दारातून आत आली, अजून तोंड उघडलेलं नाही, आणि प्रेक्षक खुदखुदायला लागलेले. ही सवय शिकवलेली असते. बायकोच्या तोंडाकडे पाहून हसायचं, हे शिक्षण अडीच वर्षं, दर आठवड्याला दोन तास, कोट्यवधी घरांना मिळालं. एखाद्या शाळेला एवढी हजेरी मिळत नाही.

या शिक्षणात हसणारी खुर्चीही होती. नवज्योतसिंग सिद्धू तिथे बसायचे. त्यांचं मुख्य काम हसण्याचं. कुठे हसायचं ते घरी बसलेल्यांना कळावं म्हणून एक माणूस मानधन देऊन बसवलेला. पुढे २०१९ पासून त्या जागी अर्चना पूरण सिंग आल्या. म्हणजे बायकांच्या चेष्टेवर मोठ्याने हसण्याची नोकरी एका बाईला मिळाली. प्रगतीच म्हणायची!

असल्या पात्राची बाजारात किंमत किती असते, तेही आपण पाहिलं आहे. २०१३ च्या अखेरीस सुनील ग्रोवर कार्यक्रम सोडून गेला, तेव्हा गुत्थी या पात्रावर आपला हक्क असल्याची जाहीर नोटीस वाहिनीने वर्तमानपत्रांत दिली. एका काल्पनिक मुलीची मालकी कोणाकडे, यावर दोन पक्षांची ओढाताण झाली. तिचं सोंग पुरुषाचं, तिच्यावर हक्क कंपनीचा, आणि तिच्यावरून गल्लीतल्या ज्या मुलीला हाक मारली जाणार तिला कोण विचारतो?

एका वाक्याची तक्रार करता येते. २०१४ मध्ये याच कार्यक्रमात गरोदर बायका आणि रस्त्यावरचे खड्डे यांवर केलेल्या विनोदावरून महाराष्ट्र राज्य महिला आयोगाकडे तक्रार गेली होती. ती करणाऱ्यांनी योग्यच केलं. पण मंजूची तक्रार कशी करायची? तिच्या बाबतीत बोट ठेवावं असं एक वाक्यच नाही. दर आठवड्याला थोडं थोडं, आणि प्रत्येक वेळी "यात काय एवढं?" असं वाटण्याइतकंच. आमच्याकडे येणाऱ्या बायकांची अडचण नेमकी हीच असते. "एक प्रसंग सांगा" म्हटलं की त्या गप्प होतात. प्रसंग एक नसतो. तो रोजचा असतो, म्हणून सांगता येत नाही.

नमुन्यातले रकाने

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ मध्ये झाला आणि ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या तिसऱ्या कलमात हिंसाचाराची व्याख्या दिली आहे. शारीरिक, लैंगिक, आर्थिक यांच्यासोबत तिथे शाब्दिक आणि भावनिक छळही आहे. त्यात अपमान आहे, पाणउतारा आहे, नावं ठेवणं आहे, आणि उपहास हा शब्दही स्पष्ट आहे. मूल नाही, मुलगा नाही म्हणून केलेला उपहास तर मुद्दाम वेगळा नमूद केला आहे. ही व्याख्या आकाशातून पडलेली नाही. बायकांनी वर्षानुवर्षं संघटनांच्या कार्यालयांत बसून जे सांगितलं, ते चळवळीने कायद्यात घालून घेतलं.

या कायद्याखाली घटनेचा जो अहवाल भरतात, ज्याला आम्ही कामात 'डीआयआर' म्हणतो, त्यात या छळाचे रकाने आहेत. चारित्र्यावर शिंतोडे. हुंडा न आणल्याबद्दल अपमान. मूल नसल्याबद्दल, मुलगा नसल्याबद्दल अपमान. हिणवणारी बोलणी. उपहास. नावं ठेवणं. हा नमुना हातात घेऊन कार्यक्रमाचा कोणताही एक भाग पाहायला बसा. अर्ध्या तासात मंजूच्या नावावर किती रकान्यांत खूण करावी लागते ते मोजा. फरक इतकाच, की आमच्या केंद्रात या रकान्यांपुढे बाईची सही असते आणि तिथे टाळ्या असतात.

हुंड्याचं तर काय सांगावं! हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. मुलीच्या बापाने काय दिलं नाही याचा हिशेब सुनेच्या तोंडावर मांडणं हा या देशातल्या कित्येक जळीत प्रकरणांचा पहिला अंक आहे. मरणाच्या दारातल्या बाईचा जबाब ज्यांनी ऐकला आहे त्यांना विचारा, सुरुवात कशी झाली. ती रॉकेलच्या डब्यापासून होत नाही. ती "तुझ्या बापाने..." या शब्दांपासून होते, आणि बहुतेक वेळा ते शब्द पहिल्यांदा हसत हसतच बोललेले असतात.

टीव्ही पाहून नवरे मारायला लागले, असं मी म्हणत नाही. नवरे त्याच्या आधीपासून मारत आहेत. माझं म्हणणं मर्यादित आहे. टोमणा मारणाऱ्याला पूर्वी निदान टोमणा मारल्याचं माहीत असायचं. या कार्यक्रमांनी त्याला एक तयार नाव दिलं, मस्करी. आणि बाईकडून रागावण्याचा हक्क काढून घेतला. रागावलीस तर तुला विनोद कळत नाही. हसलीस तर तुला चालतं. दोन्हीकडून तीच चुकीची.

उठून जाता येतं, ते कोणाला?

सप्टेंबर २०१६ मधला एक प्रसंग अनेकींना आठवत असेल. अभिनेत्री तनिष्ठा चटर्जी 'पार्च्ड' या सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी 'कॉमेडी नाइट्स बचाओ' या कार्यक्रमात गेली होती. तिथे तिच्या रंगावरून विनोद सुरू झाले आणि ती चित्रीकरण अर्धवट सोडून निघाली. नंतर तिने याबद्दल जाहीरपणे लिहिलं, आणि रंगाच्या चेष्टेमागे जात कशी दडलेली असते तेही मांडलं. योगायोग असा, की तो सिनेमाच खेड्यातल्या बायकांवर होणाऱ्या हिंसाचाराबद्दल होता.

तनिष्ठाने आपल्या सगळ्यांच्या वतीने ते केलं, असं मला वाटतं. पण ती पाहुणी होती. तिला उठून जाता आलं. ज्या बाईचा संसारच त्या सेटवर मांडलेला आहे तिने कुठे जायचं? मंजू दर आठवड्याला परत येते, कारण तिला पात्र म्हणून दुसरं घर लिहिलेलंच नाही. आणि आमच्याकडे येणारी बाई परत नांदायला जाते, कारण माहेरी भावाची एकच खोली असते.

आपल्या अंगणात

हे सगळं हिंदीत चालतं, आपलं मराठी सुसंस्कृत आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. 'चला हवा येऊ द्या' झी मराठीवर ऑगस्ट २०१४ ते मार्च २०२४ चाललं. निलेश साबळे, भाऊ कदम, कुशल बद्रिके, सागर कारंडे, भारत गणेशपुरे ही गुणी मंडळी. त्यांच्या बरोबरीने वर्षानुवर्षं मुख्य ताफ्यात बाई म्हणाल तर एक श्रेया बुगडे. बाकी बायका लागल्या की पुरुषांनी साडी नेसायची. नेसल्याबरोबर हशा. नट अजून काही बोललेलाही नाही.

स्त्रीवेशाला माझा विरोध नाही. मराठी माणूस तो करूच शकत नाही. बालगंधर्व स्टेजवर आले की प्रेक्षकांतल्या बायका त्यांची लुगडं नेसण्याची ढब पाहून घेत आणि घरी तशी नेसत. त्या वेशाला कोणी हसत नव्हतं. तमाशाच्या गवळणीतली मावशीही पुरुषच करतो. पण ती मावशी तोंडाळ, हुशार, कृष्णालाही न बधणारी. हशा तिने काढलेला असतो, तिच्यावर काढलेला नसतो. आजच्या टीव्हीवर साडी हाच विनोद झाला आहे. पुरुषाने बाईचं नेसणं म्हणजे खाली उतरणं, आणि खाली पडणाऱ्याला माणसं हसतात. या हशाचा मार सिग्नलवर उभ्या असलेल्या तृतीयपंथी व्यक्तींनाही बसतो. त्यांच्यामागे पोरं याच पात्रांची नावं घेऊन ओरडत जातात.

पण याच कार्यक्रमात अरविंद जगताप यांनी लिहिलेली पत्रं सागर कारंडे पोस्टमन होऊन वाचायचा, आणि आता आता हसणारी माणसं डोळे पुसायची. म्हणजे लेखक आहे, नट आहे, ऐकणारा प्रेक्षकही आहे. "लोकांना हेच लागतं" हे जे निर्माते सांगतात, ते त्यांच्याच कार्यक्रमाने खोटं पाडलं आहे.

२०१८ पासूनची 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' या बाबतीत पुढे गेली, हे मान्य केलं पाहिजे. विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, वनिता खरात या तिथे हसवायला उभ्या राहिल्या, आणि हसवलं. गौरव मोरे फिल्टरपाड्याचा बच्चन म्हणून ओळखला गेला, तेव्हा पवईच्या एका वस्तीचं नाव मानाने घेतलं गेलं. पण जाडेपणाची आणि रूपाची चेष्टा तिथूनही सुटलेली नाही. वनिता खरातने २०२१ मध्ये आपल्या शरीराचा अभिमान आहे असं सांगणारं छायाचित्र प्रसिद्ध केलं. कपड्यांशिवायच्या त्या छायाचित्रावर किती चर्चा झाली! जाड बाईला विनोदाचा विषय म्हणून पाहायला सरावलेल्या डोळ्यांना ती स्वतःहून, न हसवता समोर उभी राहिलेली पाहवेना.

आम्हाला विनोद कळत नाही?

स्त्रीमुक्तीवाल्यांना विनोदाचं वावडं असतं, हा आरोप मी कॉलेजात असल्यापासून ऐकते आहे. ज्यांनी आमच्या बैठका पाहिलेल्या नाहीत त्यांनीच तो करावा.

या मातीतल्या बायका शतकानुशतकं हसत आल्या आहेत. भोंडल्याची गाणी आठवा. आश्विनात हत्तीभोवती फेर धरून मुली कोणाची टिंगल करतात? सासरची. नाथांच्या भारुडात सासुरवाशीण देवीला नवस बोलते तो काय मागण्यासाठी? सासरची एकेक माणसं हटवण्यासाठी. जात्यावरच्या ओव्यांत नणंदेला, सासूला, नवऱ्यालाही चिमटे आहेत. हा विनोद जिला बोलायला बंदी आहे तिचा होता, आणि ज्यांच्यासमोर बोलायची बंदी आहे त्यांच्याबद्दल होता. स्त्री मुक्ती संघटनेचं ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' १९८३ मध्ये आलं आणि गावोगाव झालं. त्यात बायका पोट धरून हसल्या आणि घरी जाऊन रात्रभर जाग्या राहिल्या. विनोद काय करू शकतो ते आम्हाला चांगलं ठाऊक आहे, म्हणूनच तो कुणाच्या हातात आहे ते आम्ही विचारतो.

विनोद कोणावर केला की चालतो आणि कोणावर केला की चालत नाही, याचा दाखलाही याच ताफ्याने दिला आहे. किकू शारदाने पलक होऊन कितीतरी महिने जाड मुलीचं सोंग काढलं. त्याला कोणी हात लावला नाही. जानेवारी २०१६ मध्ये मात्र हरियाणाच्या पोलिसांनी त्याला अटक केली. गुन्हा काय? टीव्हीवर गुरमीत राम रहीम या बाबाची नक्कल केली, त्यामुळे भक्तांच्या भावना दुखावल्या. जामीन मिळाला, पण अटक झाली ती झाली. याच बाबाला ऑगस्ट २०१७ मध्ये पंचकुलाच्या न्यायालयाने दोन साध्वींवरच्या बलात्काराबद्दल दोषी ठरवलं आणि वीस वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे बायकांची टर उडवली तर करमणूक, आणि बायकांवर अत्याचार करणाऱ्या बाबाची उडवली तर कोठडी!

म्हणून मला बंदी नको आहे. सरकारच्या हाती कात्री दिली तर ती पहिल्यांदा कोणावर चालते ते या अटकेने दाखवलं. मंजूवरचा टोमणा तसाच राहील आणि बाबावरची नक्कल कापली जाईल. पथनाट्य करणाऱ्या आमच्या मुलीही त्या कात्रीतून सुटणार नाहीत.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट, तक्रार जरूर करायची. मनोरंजन वाहिन्यांसाठी २०११ पासून वाहिन्यांनीच नेमलेली तक्रार परिषद आहे, तिला लिहायचं. एकटीने नाही, गटाने लिहायचं. आणि एका वाक्याबद्दल न लिहिता पात्राबद्दल लिहायचं. चार आठवडे टिपण ठेवा, कोण आलं, कशावर हशा झाला, कोणी काढला. मग पाठवा. लेखकांनाही लिहा. ती आपल्यातलीच माणसं आहेत, त्यांच्याही घरी आई-बहिणी आहेत असलं काही लिहू नका. कामगार म्हणून त्यांच्या कामाबद्दल विचारा. तुमच्या लेखकांच्या खोलीत बायका किती आहेत?

दुसरी गोष्ट आमच्यासारख्या काम करणाऱ्यांसाठी. प्लास्टर घेऊन आलेल्या त्या बाईचा अर्ज आम्ही केला तेव्हा मी उपहासाच्या रकान्यात खूण केली आणि अर्जात टोमण्यांचा वेगळा परिच्छेद घातला. वकील म्हणाले, "हे कशाला? हात मोडलाय तेवढं पुरे." मी तो ठेवायला लावला. अर्ज वाचून दाखवला तेव्हा त्या परिच्छेदाशी बाईने मला थांबवलं. म्हणाली, "ताई, एवढं परत वाचा." मोडलेल्या हाताचा परिच्छेद तिने परत वाचायला सांगितला नव्हता.

तिसरी गोष्ट मला आमच्या किशोरींच्या गटाने शिकवली. एकदा मुलींना आवडत्या कार्यक्रमातला प्रसंग करून दाखवायला सांगितलं. त्यांनी नवरा-बायको केले; नवऱ्याने बायकोच्या तोंडावर बोलायचं, तिने मान खाली घालायची, आणि सगळ्यांनी हसायचं. अगदी हुबेहूब. मग मी विचारलं, आता ही बायको काय करेल? एक म्हणाली, घर सोडेल. दुसरी म्हणाली, जाईल कुठे? तिसरीने सुचवलं, आपण कोणीच हसायचं नाही, बघू या. प्रसंग पुन्हा सुरू झाला. नवरा झालेल्या मुलीने टोमणा मारला. शांतता. तिने आणखी जोरात मारला. शांतता. तिसऱ्या वेळी ती रडवेली होऊन म्हणाली, "ताई, आता मला पुढं काय बोलायचं तेच सुचत नाही."

मैत्रिणींनो, टोमणा मारणाऱ्याला दुसरा माणूस लागतो, हसणारा. तो नसला की टोमणा नुसता टोमणा उरतो, सगळ्यांना दिसेल असा उघडा. त्या बैठकीत तो माणूस मी होते. पुढच्या वेळी पाहुण्यांसमोर कोणी बायकोच्या तोंडावर, सुनेच्या माहेरावर, बहिणीच्या रंगावर मस्करी करेल तेव्हा भांडणं जमलं नाही तरी चालेल. त्याच्याकडे सरळ बघा आणि हसू नका. आणि जिच्यावर विनोद झाला, तिच्याकडेही बघा. कोण हसलं नाही ते तिच्या लक्षात राहतं.